फरशीखालची ऊब

धान्याच्या व्यापारात ज्याचे आयुष्य गेले, त्याला फरशीची ओळख जरा निराळ्या रीतीने झालेली असते. गोदामात नवा माल आला म्हणजे हमाल प्रथम लाकडी फळ्या मांडतात आणि मग त्यांवर पोत्यांची थप्पी रचतात. उघड्या फरशीवर ठेवलेल्या पोत्याचा तळ पावसाळ्यात ओलावतो, आतला गहू कुबट वास धरतो आणि दिवाळीपर्यंत त्या थप्पीतील खालची ओळ निम्म्या भावाने काढावी लागते. आमच्या रविवार पेठेतील कोणत्याही मुनीमजींना हे ठाऊक आहे. मलाही वयाच्या अठराव्या वर्षापासून ठाऊक होते. आणि तरीही चिरंजीवांच्या लेस्टर येथील घरात स्वयंपाकघराच्या फरशीचे काम निघाले, तेव्हा मी नेमकी हीच गोष्ट विसरलो, आणि ती चूक हिशेबाच्या अभिमानाने केली.

आपल्या संघातील अनेक सभासदांची मुले-मुली आज इंग्लंडात स्थायिक झाली आहेत. घर घेताना वडिलांचा सल्ला घेतला जातो, पुष्कळदा पैसाही लागतो. तिकडील घरांत अलीकडे फरशीखाली विजेची तापणारी तार बसविण्याची पद्धत बरीच रूढ झाली आहे. हा खर्च करावा की नाही, करावयाचा तर काय पाहून करावा, हे सभासदबंधूंना व भगिनींना कळावे म्हणून संपादक मंडळाच्या आग्रहावरून हा लेख लिहीत आहे. मी इंजिनिअर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले गणित आणि खातेवही लिहिण्याची सवय एवढ्याच भांडवलावर पुढील विवेचन केले आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की आपल्याकडे या वस्तूची गरज नाही. बेळगावची थंडी शालीने भागते. ग्वाल्हेरच्या आपल्या बंधूंना पौष महिन्यात रात्री पारा पाच-सहा अंशांवर आलेला पाहावा लागतो हे खरे. परंतु तेथेही दुपारी ऊन पडते आणि सतरंजी अंथरली म्हणजे काम होते. लेस्टरची गोष्ट वेगळी. तेथे जानेवारीत दिवसाही पारा सहा-सात अंशांच्या वर फारसा चढत नाही, सूर्य चार वाजता मावळतो, आणि घरात अनवाणी वावरण्याची आपली रीत तर सुटत नाही. तेथील जैन केंद्रात, जे पूर्वीच्या एका चर्चच्या इमारतीत असून जेथे १९८८ मध्ये प्रतिष्ठा झाली, पादत्राणे काढूनच आत जावयाचे. मग घरच्या स्वयंपाकघरात सपाता घालून वावरणे आमच्या सूनबाईंना कसे पटावे? त्यातून नातू रांगण्याच्या वयाचा होता.

फरशी थंड का लागते, हा प्रश्न सोपा वाटतो. पण त्याचे उत्तर बहुतेकांना उलटे ठाऊक असते. एकाच खोलीतील लाकडी पाट आणि शेजारची फरशी यांवर उष्णतामापक ठेवला, तर दोन्हींचे तपमान जवळजवळ सारखेच निघते. फरक एवढाच की फरशी पायातील उष्णता झपाट्याने ओढून घेते आणि लाकूड ती सावकाश घेते. आपले वाडवडील पाटावर जेवावयास बसत, त्यामागे हेही एक कारण असावे. हाच गुण उलट बाजूने उपयोगी पडतो. फरशी उष्णता झपाट्याने घेते तशी खालून आलेली उष्णता ती वर झपाट्याने पोहोचवितेही. म्हणून तापणारी तार टाकावयास टाइलसारखी जागा नाही; लाकडाखाली तीच तार टाकली तर मर्यादा पुष्कळ पाळाव्या लागतात.

आता वस्तूचे स्वरूप. तीन-चार मिलिमीटर जाडीची तार एका जाळीवर नागमोडी वळणांनी बसविलेली असते. तिकडे तिला हीटिंग मॅट म्हणतात, आपण जाळी म्हणू. ही जाळी जमिनीवर पसरून तिच्यावर लवचिक जातीचा टाइलचा मसाला ओतावयाचा आणि त्यावर टाइल बसवावयाची. भिंतीवर एक थर्मोस्टॅट आणि त्याला जोडलेला, फरशीच्या पोटात सोडलेला तपमापक. फरशी ठरविलेल्या अंशापर्यंत तापली की प्रवाह आपोआप बंद. जाळी दर चौरस मीटरला १००, १५० किंवा २०० वॅट अशा शक्तीची मिळते. दुकानात गेलेला माणूस येथेच पहिला घोटाळा करतो. त्याला वाटते की जास्त वॅटची जाळी म्हणजे जास्त बिल. वस्तुतः जास्त वॅटची जाळी लवकर तापते आणि लवकर बंद होते. बिल ठरते ते खोलीतून आणि जमिनीतून किती उष्णता निसटते यावर. भरण्याचे माप मोठे घेतले म्हणून धान्य जास्त लागत नाही. पोत्याला भोक असले म्हणजे लागते.

दुसरा घोटाळा क्षेत्रफळाचा. चिरंजीवांचे स्वयंपाकघर चार मीटर लांब व तीन मीटर रुंद, म्हणजे बारा चौरस मीटर. परंतु कायमची कपाटे, शेगडी, भांडी धुण्याचे यंत्र यांच्याखाली जाळी टाकावयाची नसते. तेथील उष्णतेला वर वाट मिळत नाही आणि तार जळण्याचा धोका असतो. ती जागा व भिंतीलगतची कड वजा जाता सात चौरस मीटर उरले. १५० वॅटच्या हिशेबाने एकूण शक्ती १०५० वॅट. म्हणजे अखंड चालली तर तासाला एक युनिटहून किंचित अधिक.

येथपर्यंत मी स्वतः टेपने मोजून, कागदावर आकडे मांडून चोख काम केले होते. नोव्हेंबर २०२२ मधील ही गोष्ट. कारागिराने दिलेल्या अंदाजपत्रकात जाळी, थर्मोस्टॅट, मसाला, मजुरी अशा बाबी होत्या आणि त्यांत एक बाब होती, दहा मिलिमीटर जाडीच्या उष्णतारोधक फळ्या, सुमारे दीडशे पौंड. मी विचारले, या कशाला? तो म्हणाला, जमिनीवर या टाकावयाच्या आणि मग त्यांवर जाळी. मी विचारले, या न टाकल्या तर जाळी तापणार नाही काय? तो प्रामाणिक मनुष्य म्हणाला, तापेल, पण टाकाव्यात. शिवाय फळ्यांमुळे फरशी एक सेंटिमीटर उंच होणार आणि दरवाजा खालून तासावा लागणार. चाळीस वर्षे घासाघीस केलेल्या माणसाला एवढे पुरे झाले. मी ती ओळ खोडली. चिरंजीव काही बोलू पाहत होते. पण वडिलांनी लेखणी उचलल्यावर ते गप्प राहिले.

पुढे काय झाले ते आकड्यांतच सांगतो. पहाटे सहाला थर्मोस्टॅट चालू होई. आठ वाजता सूनबाई मुलाचा डबा भरावयास येत तेव्हा फरशीचा गारवा जेमतेम मोडलेला असे. मग तो पहाटे चारला लावला. मग रात्रभर. अखेरीस पहिल्या महिन्यात ती जाळी दिवसाला चौदा-चौदा तास चालू राहिली, आणि तपमापकाने ठरविलेला आकडा क्वचितच गाठला. त्या हिवाळ्यात सरकारने मर्यादा घालूनही तिकडे विजेचा दर युनिटला सुमारे ३४ पेन्स होता. चौदा तासांचे जवळजवळ पंधरा युनिट, म्हणजे दिवसाला पाच पौंड. तीस दिवसांचे दीडशे. फळ्यांचे वाचविलेले दीडशे पौंड मी एका महिन्यात जमिनीत पुरले.

हे असे का झाले याचा उलगडा मी बेळगावास परतल्यावर पुतण्याच्या विज्ञानाच्या पुस्तकावरून केला. विजेचे एक युनिट खर्च केले असता सुमारे ८६० लिटर पाण्याचे तपमान एक अंशाने वाढते. काँक्रीटला त्याच वजनाच्या पाण्याच्या साधारण एक-पंचमांश उष्णता लागते. आता सात चौरस मीटर जागेखालचे दहा सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट घ्या. त्याचे वजन भरते सुमारे सोळा क्विंटल. ते दहा अंशांनी तापवावयाचे तर जवळजवळ चार युनिट लागतात, म्हणजे आमची जाळी चार तास चालली पाहिजे. आणि तेही काँक्रीटच्या खालच्या मातीने काहीच ओढून घेतले नाही असे धरून. माती तर अहोरात्र ओढीतच असते. याउलट फळ्या टाकल्या असत्या तर तापवावयाचे होते ते फक्त वरचे दीड सेंटिमीटर, म्हणजे टाइल आणि मसाला. त्याचे वजन दोन क्विंटलच्या आसपास. त्याला अर्धे युनिट पुरते आणि अर्ध्या तासात पाय सुखावतात. सोळा क्विंटल आणि दोन क्विंटल! तराजूवर बसणाऱ्या माणसाला हा हिशेब करावयास पाच मिनिटे लागली. पण ती पाच मिनिटे ओळ खोडल्यानंतर आली.

फळ्या टाकल्या असत्या तर खर्च किती आला असता? सकाळी दोन व संध्याकाळी तीन असे पाच तास धरू. फरशी तापल्यावर थर्मोस्टॅट निम्मा वेळ प्रवाह बंद ठेवतो असे मानले तर दिवसाला अडीच-पावणेतीन युनिट. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत तिकडे विजेचा दर युनिटला सुमारे २५ पेन्स होता. त्या दराने दिवसाचे पासष्ट-सहासष्ट पेन्स आणि पाच महिन्यांच्या हिवाळ्याचे शंभर पौंडांच्या आत. हा खर्च करावा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु आकडा माहीत असून ठरवावे. त्याच काळात गॅसचा दर युनिटला सव्वासहा पेन्सच्या आसपास, म्हणजे विजेच्या चौथाईइतका होता, हेही विसरू नये. संपूर्ण घर विजेच्या तारेने गरम करावयाचा बेत कोणी सांगितला तर त्याला दुरूनच नमस्कार करावा. सगळे घर नवे बांधावयाचे असेल तर फरशीखाली कोमट पाण्याच्या नळ्या टाकण्याची दुसरी पद्धत आहे. तिला खोदकाम व खर्च जास्त, पण पाणी गॅसच्या बंबावर किंवा उष्णतापंपावर तापत असल्याने पुढे स्वस्त पडते. विजेची जाळी शोभते ती एखाद्या खोलीला; जुन्या घराचे न्हाणीघर किंवा स्वयंपाकघर नव्याने करताना.

आणि त्या खोलीतही ती एकटी पुरेल असे समजू नये. माणसे वावरतात त्या फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांपेक्षा अधिक तापू नये असा युरोपीय मानकांचा दंडक आहे. न्हाणीघरास थोडी सवलत आहे. खोली वीस अंशांची आणि फरशी एकोणतीसची असता एक चौरस मीटर फरशी सुमारे शंभर वॅट उष्णता खोलीला देते. मग खालची जाळी १५० ची असो वा २०० ची. आमच्या सात चौरस मीटरचे झाले सातशे वॅट. कडाक्याच्या रात्री जुन्या घराची तेवढी खोली याच्या दुप्पट उष्णता खिडक्या-भिंतींतून गमावू शकते. तेव्हा भिंतीवरचा नेहमीचा रेडिएटर काढून टाकावयाचा नाही. फरशीने पायांना सुख द्यावे, खोली तापविण्याचे काम रेडिएटरने करावे.

असो. त्याच मुक्कामात चिरंजीवांनी मला लेस्टरमधील ज्यूरी वॉल नावाचे रोमन अवशेष दाखविले. तेथे रोमन काळचे सार्वजनिक स्नानगृह होते. १९३६ ते १९३९ या काळात कॅथलीन केन्यन या विदुषींनी तेथे उत्खनन केले. रोमन लोक आपल्या स्नानगृहांत विटांच्या बुटक्या खांबांवर फरशी उचलून धरीत आणि बाजूच्या भट्टीतील गरम हवा तिच्याखालून खेळवीत. पोकळ जागेवर उचललेली फरशी! म्हणजे त्यांनीही थप्पीखाली फळ्या मांडल्या होत्या, असे मनात आले आणि मी काही वेळ कोणाशी बोललो नाही.

आता आपल्या घरांतील काही खास गोष्टी, ज्या तिकडच्या दुकानदाराला सुचणार नाहीत. सूनबाईंनी तांदूळ आणि कणकेचे डबे फरशीवर एका कोपऱ्यात ओळीने ठेविले होते. मी ते त्याच दिवशी हलविले. पंचवीस ते तीस अंशांची ऊब ही सोंडकिड्यांना सर्वांत मानवणारी. त्या उबेत अंडी लवकर फुटतात आणि पिढ्या वाढतात. जीवोत्पत्ती होऊ न देणे हा आपला धर्म आणि धंदा दोन्ही आहे. धान्य, डाळी, पीठ यांना थंड बाजूची मांडणी किंवा कपाट द्यावे. जाळी कोठवर आहे हे काम चालू असतानाच कागदावर काढून ठेवावे.

दुसरी गोष्ट आसनांची. जाड गालिचा, गादी, पायांशिवायचे बसके कपाट तापलेल्या फरशीवर ठेवले की त्याखाली उष्णता कोंडते. मी आमच्या सौभाग्यवतींना म्हणालो होतो की पहाटेच्या सामायिकाला स्वयंपाकघराचा उबदार कोपरा बरा पडेल, अठ्ठेचाळीस मिनिटे गुडघे तरी दुखणार नाहीत. त्या म्हणाल्या, "ऊब शोधायची असेल तर अंथरुणातच बसते, सामायिक कशाला म्हणू?" आणि आपले लोकरी आसन घेऊन बैठकीच्या खोलीत गेल्या. विजेत तेजस्कायाचे जीव आहेत की नाहीत याविषयी आपल्या साधुवर्गात मतभेद आहेत आणि तो निर्णय माझ्यासारख्याने करावयाचा नाही. ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारावे. धर्मक्रियेची जागा जाळीच्या बाहेर ठेविली म्हणजे आसनही सुरक्षित राहते आणि मनही, एवढे मात्र मी स्वतःपुरते ठरविले आहे.

२०२४ मध्ये वरच्या मजल्यावरील न्हाणीघराचे काम निघाले. या खेपेस मी आधीच कळविले की उष्णतारोधक फळ्यांची ओळ सर्वांत वर लिहावी. तेथे जमीन लाकडी तख्तपोशीची, म्हणून सिमेंटचा लेप असलेल्या फळ्या स्क्रूंनी आवळून बसविल्या. मोकळी जागा दोन चौरस मीटर, शक्ती तीनशे वॅट. कामाच्या वेळी मी मोबाइलवरून पाहत होतो, तेव्हा पाहिलेल्या काही गोष्टी सांगतो. जाळी वळवावयाची असेल तर नुसती जाळी कापतात, तार कधीही कापावयाची नाही, आणि तारेवरून तार जाऊ द्यावयाची नाही. तपमापक दोन तारांच्या मधोमध, एका बारीक नळीत सरकवितात, म्हणजे तो बिघडला तर फरशी न फोडता ओढून काढता येतो. ही नळी न घालणाऱ्या कारागिराला काम देऊ नये. थर्मोस्टॅट न्हाणीघराच्या बाहेर. जोडणी मान्यताप्राप्त विद्युत्‌कारागिराकडूनच, आणि ३० मिलिअँपिअरची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण लाविलेले असलेच पाहिजे. ओल्या जागेत येथे काटकसर नको. टाइल बसल्यावर मसाला वाळावयास निर्मात्याने सांगितलेले दिवस पूर्ण जाऊ द्यावेत. घाईने तार चालू करून फरशी वाळविली तर मसाल्याला भेगा जातात.

सर्वांत मला आवडली ती तारेची मोजणी. तारेचा विरोध ओहममध्ये मोजतात. २३० व्होल्टवर तीनशे वॅट म्हणजे विरोध सुमारे १७६ ओहम आला पाहिजे. थोडाफार फरक निर्माता चिठ्ठीवरच नमूद करतो. हा आकडा तीन वेळा घेतात : जाळी खोक्यातून काढल्यावर, जमिनीवर पसरल्यावर, आणि टाइल बसल्यावर. मधल्या एखाद्या वेळी करणीचा घाव बसून तार तुटली असेल तर आकडा लागलीच ओरडतो. माल उतरताना, काट्यावर आणि गोदामात असे तीनदा वजन घेणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावयास नको. ती तीन आकड्यांची चिठ्ठी चिरंजीवांनी मीटरच्या कपाटात आतल्या बाजूस चिकटविली आहे.

खालच्या स्वयंपाकघराची फरशी मात्र तशीच आहे. फोडल्याशिवाय तिच्यात फळ्या घालता येत नाहीत. जाळी आता बहुधा बंदच असते; नातू मोठा झाला, मोजे घालून धावतो. कपाटे बदलण्याच्या वेळी सगळीच फरशी उचलावयाची असे ठरले आहे आणि त्याचे अंदाजपत्रक गेल्या महिन्यात आले. चिरंजीवांनी ते नेहमीप्रमाणे मजकडे पाठविले. पहिली ओळ फळ्यांची होती, या वेळी रक्कम दोनशेच्या वर. मी दोनदा वाचले, बेरीज तपासली, आणि काहीही न खोडता परत पाठविले.